दूतावासाला केलेला फोन

निवृत्तीनंतर बरीच प्रकरणे विस्मरणात गेली. हे एक मात्र आजही जसेच्या तसे आठवते.

शनिशिंगणापूरच्या एका घरातून सोन्याची पोत गेल्याचा फोन आमच्या पोलीस ठाण्यात आला. घराला दार नव्हते. शनिदेव गाव राखतो, तेथे चोरी होत नाही, या श्रद्धेने तेथील रीतच तशी आहे. एक परदेशी यात्रेकरू घरातून बाहेर पडताना त्या घरच्या सुनेने पाहिला होता आणि गावकऱ्यांनी त्याला धरून ठेवले होते. साठीचा, कृश माणूस. झडतीत काहीही सापडले नाही, तरी संशयावरून मी त्याला अटक केली व स्टेशन डायरीत नोंद घेतली.

त्याची भाषा ठाण्यात कोणालाही येत नव्हती. प्रत्येक प्रश्नाला तो फक्त हात जोडत असे.

हवालदार म्हणाले, "साहेब, हात जोडतोय म्हंजी कबूलच हाय की. जबाब लिवतो, सही घिऊ. उद्या कोर्टात उभा करायचाय."

"काय लिहिलंय ते त्याला कळेल का?"

"त्याला कशाला कळाया पायजे? आपल्याला कळलं की झालं."

परदेशी नागरिकाला अटक झाल्यास त्याच्या वाणिज्य दूतावासाला कळवले जावे, हा त्याचा हक्क आंतरराष्ट्रीय कराराने मान्य केला आहे आणि आपला देश त्या कराराने बांधलेला आहे. तसे परिपत्रक फाईलला होते. पासपोर्टवरून देश पाहून मी त्याच्या मुंबईतील दूतावासाला फोन लावला. हवालदारांनी कपाळाला हात लावला.

दुपारभर तो कोठडीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. जेवणाला त्याने हात लावला नाही. सायंकाळी दूतावासाच्या दुभाष्याचा फोन आला. स्वतःची भाषा कानावर पडताच त्याने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मग त्याने सांगितले, की उन्हाने घेरी आली म्हणून तो त्या घरात शिरला होता आणि एका वृद्ध बाईंनी त्याला पाणी दिले होते.

फिर्यादीत अशा बाईंचा उल्लेखच नव्हता. मी पुन्हा त्या घरी गेलो. सासूबाईंनी मला बाजूला बोलावले.

"साहेब, पोत धान्याच्या कणगीत हाय. परका मानूस बघून म्याच ठिवली."

"मग सकाळीच का नाही सांगितलंत?"

"शनिदेवाच्या गावात चोराला भिऊन दागिना लपवला, आसं सांगू व्हय? गावात तोंड कसं दाखवू?"

पंचांसमक्ष पोत धान्यातून काढली. न्यायालयाला तसा अहवाल दिल्यावर त्याची सुटका झाली. जाताना त्याने कोणाकडेही पाहिले नाही, माझ्याकडेही नाही.

हे प्रकरण सांगितले की नवे अधिकारी माझ्या दयाळूपणाचे कौतुक करतात. त्यांना मी दुरुस्त करतो. फोन लावताना मीही त्याला चोरच समजत होतो. त्या दिवशी आमच्या ठाण्यात त्याच्या बाजूने एकही माणूस नव्हता. एक परिपत्रक तेवढे होते.