उघड्या विणीचा पिंजरा

आश्रुबा बुरुडाच्या डाल्याखाली कोंबडी झाकली की तिला बाहेरचं जग दिसत नसे. आमच्या पिंगळी गावात दुपारच्या वेळी प्रत्येक अंगणात एखादं तरी डालं पालथं घातलेलं असायचं, आणि त्यातलं आश्रुबाचं कोणतं हे रस्त्यावरून ओळखू यायचं, कारण त्यात चोच घालायलासुद्धा फट नसे. बायका म्हणायच्या, याच्या डाल्यात कोंबडी कशाला ठेवायची, पाणीच भरून ठेवावं. हे ऐकून दुसरा चिडला असता. आश्रुबा मिशीतल्या मिशीत हसायचा आणि बांबूची पुढची कामटी आणखी दाबून बसवायचा. सूप असो, दुरडी असो, नाहीतर धान्याची माणूसभर उंचीची कणगी, त्याची वीण कापडासारखी गच्च. शिडी मात्र तो करत नसे. शिडी मागायला कुणी आलं की सुताराच्या घराकडं बोट दाखवून मोकळा व्हायचा. बुरुडानं शिडीला नाही म्हणावं हे मला चमत्कारिकच वाटायचं, पण मी कधी विचारलं नाही.

मी तेव्हा स्टेशनाजवळच्या जिनिंगमध्ये फिटर होतो. स्वभाव तापट. यंत्र निदान पाना लावला की ऐकतं, माणसं ऐकत नाहीत, म्हणून मी या धंद्यात पडलो असं आमचे मॅनेजर व्यंकटराव म्हणायचे. ज्या दिवाळीत आपला परभणी जिल्हा हैदराबाद राज्यातून उठून मुंबई राज्यात जाऊन बसला, त्या हंगामाची ही गोष्ट. कचेरीतल्या पाट्या बदलल्या, साहेब बदलले. जिनातला फुफाटा मात्र होता तिथंच होता.

ज्यानं जिन पाहिलं नाही त्याला त्या फुफाट्याची कल्पना यायची नाही. लांबलचक दालन, त्यात ओळीनं जिनं, म्हणजे कापसातली सरकी काढायची यंत्रं, मांडलेली, प्रत्येक जिनापुढं एक बाई हातानं कापूस चारतेय. एका बाजूनं रुई निघते, खाली सरकी पडते, आणि कापसात आलेला पाचोळ्याचा चुरा, माती, बारीक तुसं हे सगळं हवेत उठतं. तासाभरात सगळ्या बाया पांढऱ्या भुवयांच्या म्हाताऱ्या व्हायच्या. नाकाला पदर गुंडाळायचा आणि सुट्टी झाली की गुळाचा खडा खायचा, एवढाच काय तो इलाज.

त्या ओळीत आश्रुबाची लेक दैवशाला होती. झरी गावाला दिली होती, पण सहा-सात वर्षांत मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला माहेरी आणून सोडलं. गावानं तिला ‘टाकलेली’ म्हणायला आठवडासुद्धा लावला नाही. पुढं ती जिनात आली आणि दोन हंगामांत अशी तयार झाली की नव्या बायांना तीच शिकवू लागली. पट्टा घसरला की माझ्या आधी तिला कळायचं. जिनात तिला कुणी टाकलेली म्हणत नव्हतं. तिथं ती दैवशालाबाई होती आणि हे तिला स्वतःला फार महत्त्वाचं वाटायचं. मला ते दिसत होतं.

पण त्या साली तिला खोकला लागला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा, मग असा की चार शब्द बोलली की पाचवा खोकल्यात जायचा. परभणीच्या डॉक्टरनं छाती तपासून सांगितलं, फुफाटा सोडा, नाहीतर पुढचा हंगाम बघायला मिळणार नाही. आश्रुबानं आणि त्याच्या बायकोनं, सारजाबाईनं, तिला घरी बसायला सांगून पाहिलं. रागावून पाहिलं, रडून पाहिलं. ती म्हणाली, घरात बसून टाकलेली होऊन जगण्यापेक्षा जिनात खोकलेलं बरं. आणि पदर बांधून कामाला आली.

मालकानं त्याच हंगामात एक जुनं यंत्र आणलं. कुठल्याशा बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीतलं धूळ ओढायचं यंत्र. दिसायला भलंमोठं लाकडी कपाट. आत मांजरपाटाच्या बारा लांब पिशव्या टांगायच्या. पंखा फिरला की दालनातली हवा कपाटात ओढली जाते, पिशवीच्या कापडातून गाळून आत शिरते आणि वरून स्वच्छ होऊन बाहेर पडते. धूळ पिशवीच्या बाहेरच्या अंगाला राहते, मग पंखा थांबवून पिशव्या झटकायच्या. युक्ती साधी, पण एक मेख होती. हवा आत ओढली गेली की मोकळी पिशवी वालाच्या शेंगेसारखी चपटी होऊन बसते आणि सगळं ठप्प. म्हणून प्रत्येक पिशवीच्या पोटात एक उभा पिंजरा लागतो. चार-दोन कडी, त्यांना धरून उभ्या काड्या, मधे मोकळी जागा. कापड ताणून धरायचं आणि हवेला वाट द्यायची, एवढंच त्याचं काम.

आमच्या यंत्राचे मूळचे तारेचे पिंजरे गंजून भुगा झाले होते. नवे मुंबईहून यायला हंगाम संपला असता, आणि लोखंडाला परमिट लागे ते वेगळंच. तेव्हा बांबूचे करावेत हे मीच सुचवलं. निरोप पाठवायच्या आधी आश्रुबा दारात उभा. लेकीकडून कळलं होतं. मी जमिनीवर खडूनं आकार काढून दाखवला, उभ्या कामट्या किती लांब, मधे बोटभर-बोटभर जागा. तो बराच वेळ त्या आकाराकडं बघत राहिला आणि आणून देतो म्हणाला.

आठवड्यानं बैलगाडीतून बारा पिंजरे आले. काय काम केलं होतं. गोल, सरळ, हात फिरवला तरी बांबूचं कूस टोचणार नाही. आणि तळापासून वरपर्यंत गच्च विणलेले. बोटभर सोडा, सुईभर जागा नव्हती.

माझं डोकं सणकलं. पण व्यंकटराव म्हणाले, इतकं सुंदर काम आहे, लावून तर बघा. लावले. पंखा कण्हायला लागला, पट्टा घसरला, आणि दालनातली धूळ होती तिथंच. हवेला जायला वाटच नव्हती. मी आश्रुबाला सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोललो. तुला टोपली सांगितली होती का, असं विचारलं. तो म्हणाला, बुरुडाच्या हातून उघडी वीण जात नसती, दुसरं काही असंल तर सांगा. मी म्हटलं, मग परभणीहून दुसरा बुरुड आणतो. त्यावर तो शांतपणे म्हणाला, आणा.

आता ही घमेंड नाही तर काय, असं मला वाटलं. पोरगी डोळ्यासमोर खोकतेय आणि या माणसाला आपल्या विणीची पडलीय.

सारजाबाईनं मला खरं काय ते सांगितलं. ती जिनाच्या फाटकाशी माझी वाट बघत उभी होती. पटकीच्या साली त्यांचा थोरला लिंबाजी गेला. विशीतला पोरगा. गावात इतकी मढी होती की तिरडी बांधायला माणूस मिळेना, आणि बांबू तर आश्रुबाच्याच दारात. त्यानं पोराची तिरडी स्वतःच्या हातानं बांधली. दोन लांब बांबू, मधे आडव्या कामट्या, मोकळी जागा सोडून. तेव्हापासून मोकळ्या कामट्यांची कुठलीही वस्तू तो बांधत नव्हता. शिडी नाही, पोपटाचा पिंजरा नाही. जित्या माणसासाठी गच्चच विणायचं, असा नेमच केला होता.

सारजाबाई म्हणाली, "तुमी खडूनं काढलं ते बघून त्या दिशी त्यो जेवला न्हाई. पोरीच्या नावानं उघड्या कामट्या बांधायच्या म्हंजी काय, तुमीच सांगा."

शिव्या दिल्या त्याचं वाईट वाटलं, पण त्यानं दैवशालाचा खोकला थांबणार नव्हता. मग मीच बांबू घेऊन बसलो. फिटरचा हात, त्याला लोखंडाची सवय. माझा पिंजरा एका बाजूला कलला आणि त्याच्या कुसानं नवी पिशवी पहिल्याच दिवशी टर्रकन फाटली. परभणीचा बुरुड लग्नसराईच्या कामात, संक्रांतीनंतर बघू म्हणाला. संक्रांतीपर्यंत दैवशालाला कुणी मुदत दिली होती?

शेवटी ती स्वतःच बोलली. मी माझा कललेला पराक्रम दाखवायला आणि चार बांबू आणखी मागायला त्यांच्या अंगणात गेलो होतो. आश्रुबा सूप विणत होता, मान खाली. दैवशाला कामावरून आली, पायावर पाणी घेतलं आणि बापापुढं येऊन बसली. मला उठून जावं असं वाटलं, पण तिनं हातानंच बसा म्हणून खुणावलं. खोकत, थांबत, दम घेत ती बोलली, ते मी इथं सलग लिहितो.

"आबा, तुमाला भ्या वाटायलंय ते मला ठाव हाय. दादाची याद मला बी हाय. पर मी घरी बसणार न्हाई, आन जिनात असंच चाललं तर मी वाचणार न्हाई. मंग तुमाला माझी तिरडी बांधावीच लागंल. तवा न्हाई म्हणताल का? त्यापरीस आत्ता हे बांधा."

आश्रुबाच्या हातातली कामटी थांबली. सारजाबाईनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, आता हा ओरडेल, नाहीतर उठून जाईल. तो उठला खरा, पण मागच्या अंगाला जाऊन एक बांबू घेऊन आला आणि लेकीला म्हणाला, "तू हितंच बस. माझ्या म्होरं. उठू नगंस."

बस एवढंच बोलला. त्यानं बांबू फाडला, कामट्या काढल्या, कडी वळवली. पहिली उभी कामटी बांधली, बोटभर जागा सोडली आणि दैवशालाकडं पाहिलं. दुसरी बांधली आणि पुन्हा पाहिलं. प्रत्येक गाठीला तो मान वर करून ती बसलेली आहे याची खात्री करून घेत होता. मी शेजारी बसून कामट्यांच्या कडा घासायला लागलो. दैवशाला प्रत्येक कामटी आपल्या पदरावरून ओढून बघायची, धागा अडकला की परत माझ्याकडं टाकायची. तिन्हीसांजेला पहिला पिंजरा उभा राहिला. आश्रुबानं त्याला भिंतीशी आडवा ठेवू दिला नाही. उभाच ठेवा म्हणाला. तिरडी आडवी असते. मी तो रात्रभर उभाच राहील असा दाव्यानं खुंटीला बांधून ठेवला.

बाकीचे अकरा त्यानं तसेच बांधले. रोज दैवशाला कामावरून आली की, ती समोर बसल्यावरच. ती नसताना हात लावायचा नाही, असा नवा नेम केला. माझा जीव घायकुतीला आला होता. तिकडं व्यंकटराव रोज विचारायचे, कुठवर आलं? पण मी एकदाही आश्रुबाला घाई केली नाही. माझ्यासारख्या माणसाच्या दृष्टीनं हे थोडं नव्हतं.

पंखा सुरू केला तेव्हा पिशव्या पिंजऱ्यांवर ओढल्या गेल्या आणि कापडातून एकेक कामटी उमटून दिसायला लागली. पण पिशव्या चपट्या झाल्या नाहीत. दुपारपर्यंत दालनाच्या या टोकाहून त्या टोकाच्या बाईचं तोंड ओळखू यायला लागलं. सगळा फुफाटा गेला असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोला. निम्मा गेला असेल, थोडा अधिकही. बाया नाकावरचा पदर सोडून एकमेकींकडं बघून हसत होत्या. आश्रुबानं यंत्राकडं ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. तो लेकीच्या जिनाशी जाऊन उभा राहिला.

तिथून त्याचा रोजचाच रिवाज झाला. दुपारी भाकर घेऊन यायचं निमित्त, आणि मग तास-तासभर तिच्यामागं उभं राहायचं. बोलायचं नाही, नुसतं तिच्या पाठीकडं बघायचं. यंत्रांच्या आवाजात तिचा खोकला ऐकू येत नसे, म्हणून तो तिचे खांदे हलतात का ते बघत असे. बाया कुजबुजायला लागल्या. व्यंकटराव मला म्हणाले, या माणसाला समजावा, पट्ट्यात धोतर अडकलं तर निस्तरत बसावं लागेल. मी समजावलं नाही. माझ्यानं ते झालं नसतं.

पौष उतरणीला लागला होता तेव्हाची गोष्ट. इंजिन तेलपाण्यासाठी थांबवलं होतं आणि दालनात एकदम शांत झालं होतं. आश्रुबा नेहमीसारखा मागं उभा. दैवशाला वळली, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि चांगलीच वैतागून म्हणाली,

"आबा, रोज रोज हितं उभं राहून तुमी माझ्या पाठीकडं काय बघायलाव? समद्या बाया हासायल्यात मला. घरी सुपं पडलीत, गिऱ्हाईक माघारी चाललंय, आन तुमी हितं. जावा बरं घरला, मला माझं काम करू द्या."

दालनातल्या बाया तिच्याकडं बघत राहिल्या. मीही हातातला पाना तसाच धरून उभा. ती एवढं सगळं एका दमात बोलली होती आणि मधे एकदाही खोकली नव्हती. तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

आश्रुबा कानाला हात लावून पुढं वाकला आणि म्हणाला, "काय म्हणलीस? मला ऐकू आलं न्हाई. पुन्यांदा म्हण."