शकुन सिस्टरची रेघ

मी सूर्यभान, सरकारी जीपचा ड्रायव्हर. अमरावतीहून धारणीचा घाट किती वेळा चढलो, ते आता आठवत नाही. मागच्या सीटवर बहुतेक वेळा शकुन सिस्टर असायच्या, मांडीवर लसीचा डबा घेऊन. त्यांनी कधी कोणाला नाही म्हटलं नाही. सुट्टी दुसऱ्यांना, ड्युटी यांना. राग मला यायचा, त्यांना येत नसे.

यंदा धारणीच्या बाजूला, मेळघाटात, गोवर पसरला. त्याच सुमारास विद्यापीठातला अश्विन एक नवं यंत्र घेऊन दवाखान्यात आला. काचेच्या चिपवर सोन्याचे ठिपके, इतके बारीक की डोळ्यांना दिसतच नाहीत. त्यावर रक्ताचा थेंब टाकायचा. रक्तात गोवराशी लढणारी प्रतिपिंडं असली तर ती ठिपक्यांना चिकटतात, उजेडाचा रंग किंचित बदलतो आणि स्क्रीनवरची रेघ सरकते. दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी ठरवलं, सगळ्या सिस्टरांचं रक्त तपासायचं आणि जिची रेघ सरकणार नाही तिला धारणीला पाठवायचं नाही.

रांगेत उभ्या असताना शकुन सिस्टर मला हळूच म्हणाल्या, "भाऊ, माही रेघ सरकू नये बाप्पा. मले तोंडानं नाही म्हनता येत नाही. रक्तानं तरी म्हनावं."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

रेघ सरकली, सगळ्यांत जास्त. अश्विन खुशीत म्हणाला, "मॅडम, एक नंबर!"

"झालं तर मग," साहेब म्हणाले, "शकुन सिस्टरच जातील."

त्या खुर्चीवरून उठल्याच नाहीत. "रक्तात असन साहेब, पन अंगात काहीच नाही राह्यलं. मी थकली आता."

साहेबांना ती थट्टा वाटली. बाकीच्या सिस्टर खाली पाहत राहिल्या. कोणीच पुढे येईना, तेव्हा शकुन सिस्टरनीच विचारलं, "जीप किती वाजता हाय?"

असा संताप आला मला! पण ड्रायव्हरच्या संतापाला कोण विचारतो?

सकाळी निघालो. परतवाडा यायच्या आतच त्यांची मान खिडकीला टेकली. सेमाडोहच्या अलीकडे मी जीप सावलीत लावली, इंजिन बंद केलं. त्यांच्या मांडीवरचा डबा अलगद उचलून बाजूला ठेवला. त्यांना जाग आली नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला, साहेबांचा होता. मी खाली उतरून लांब गेलो.

"कुठपर्यंत पोचले?"

"टायर पंचर झालं साहेब," मी हळू आवाजात सांगितलं. "टाइम लागन."