रेहानची कोल्हापूरची सहल

फोंडाघाट चढताना एस.टी.त माझ्या लेकाला, रेहानला दोनदा उलटी झाली आणि मी मात्र दऱ्यांचं वर्णन मनात जुळवत बसलो होतो. कणकवलीत सगळ्यांना थाप मारली होती, कोल्हापूर पाहायला चाललोय. शेजारच्या सावंतांनी तर चपलांचं मापही दिलं होतं. परतल्यावर काहीतरी सांगावं लागणारच.

खरी गोष्ट वेगळी. तीन वर्षांच्या रेहानचं लघवीचं छिद्र जन्मापासून टोकाला नव्हतं, खालच्या बाजूला होतं. पुढची कातडीही अर्धीच. आमच्यात अशा मुलाची 'पैगंबरी सुंता' झाली म्हणतात. म्हणजे सुंता होऊनच जन्मलेला, नशीबवान. तेव्हा माझ्या अब्बांनी पेढे आणले आणि मी ते गल्लीभर वाटले, जणू त्यात माझंच काही कर्तृत्व होतं. पुढे हा नशीबवान उभा राहिला की धार त्याच्याच पायांवर पडायची. बालवाडीतली पोरं हसायची. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तर पेढे वाटलेल्या तोंडाने ते अब्बांनाही सांगवेना. म्हणून सहल.

रंकाळा एस.टी.च्या खिडकीतूनच पाहिला. तिथून थेट इस्पितळ.

शेजारच्या खाटेवर कोडोलीच्या एक आजी नातवाला घेऊन होत्या. "पावणं, लेकराला काय झालंय?" परक्याला तिथे अशीच हाक मारतात.

"पोटाचा जरा त्रास आहे," मी म्हणालो.

"मग ह्या वार्डात कशाला घातलं? हितं समद्यांची मुतायचीच भानगड हाय. आमच्या नातवाचं बी खालनंच येतंय."

साऱ्या खाटांवरच्या माना वळल्या. माझी बायको नसीम पदराआड हसत होती.

"आमचंही तेच," मी पुटपुटलो.

"मग लाजायचं काय त्यात? चोरीचा माल हाय व्हय?"

संध्याकाळी सर्जनांनी विचारलं, "सुंता केलीय?" मी चाचरत पैगंबरी सुंतेचं सांगितलं. ते म्हणाले, "कातडी कापली नाहीत, फार बरं केलंत. नवी नळी करायला तीच लागते." आमच्या गैरसमजाने पोराचं कातडं वाचवलं होतं. माझी मान पुन्हा जरा ताठ झाली. नसीमने पाहिल्यावर ती खाली आली.

सकाळी रेहानला आत नेलं. तो माझं बोट सोडेना. नर्सने ते सोडवलं. मी घाबरलो, सरळ घाबरलो. आजींनी मला जबरदस्तीने समोरच्या हॉटेलात पिटाळलं. तिथे मिसळीचा कट (तिखट रस्सा) ओतून घेतला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"सवय न्हाय व्हय, पावणं?" हॉटेलवाल्याने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. मिसळ अजून तोंडातही घातली नव्हती.

ऑपरेशन नीट झालं. आठवड्याने लघवीसाठी घातलेली रबरी नळी काढली, तर रेहान भीतीने लघवीच करेना. नसीमने नळ सोडला, मी तोंडाने आवाज काढले, आजी ओरडल्या. अखेर तो उभा राहिला आणि धार समोर पडली. आधी बारीक, मग सरळ. रेहानने खाली पाहिलं.

"पप्पा, पाय कोरडे आहेत."

मला तिथेच रडू आलं. या खेपेला मिसळ नव्हती.

घरी पोचल्यावर अब्बांनी विचारलं, "काय काय पाहिलं?" मी सगळं सांगून टाकलं. ते चपला घालून बाहेर गेले आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आले.

"काय म्हणून वाटू?" मी विचारलं.

"या वेळी झालं ते सांग."

पहिलं दार सावंतांचं. "चपला आणल्या?"

"राहिल्या. पेढा घ्या. रेहानचं ऑपरेशन झालं."

"कसलं?"

मी कोडोलीच्या आजींइतक्याच मोठ्या आवाजात सांगितलं.