गॅरेजातली लाँड्री आणि व्याह्यांचा झब्बा

चहा घ्या आधी, कारण हे ऐकल्यावर तुम्ही माझ्याकडे परत चहाला याल की नाही सांगता येत नाही. माणसाने किती हुशार असावं याला मर्यादा असते. ती मर्यादा मी गेल्या श्रावणात ओलांडली, तीही मुलीच्या लग्नाच्या बोलणीत.

आमच्या घराच्या मागे, अंगणापलीकडे, एक सुटं गॅरेज आहे. जांभ्याच्या भिंती, वर पत्रे, पुढे शटर. गाडी विकली त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून तिथे फुटक्या कुंड्या, जुनी सायकल आणि 'लागेल कधीतरी' या सदरातलं सगळं सामान सुखाने नांदत होतं.

आता रत्नागिरीचा पाऊस तुम्हाला मी काय सांगायचा? जूनमध्ये वाळत घातलेली चादर गणपतीपर्यंत दमटच. त्यामुळे चार महिने आमच्या घरात सगळीकडे दोऱ्या. पाहुणा आला की आधी त्याच्या डोक्याला माझी बनियन लागायची, मग मी दिसायचो.

तर मेघनाने, म्हणजे आमच्या मुलीने, पुण्यात तिच्याच ऑफिसातला एक मुलगा पसंत केला. अक्षय. मुलगा सोन्यासारखा. घरचे माळकरी, तीन पिढ्या घरात अंडंसुद्धा आलेलं नाही. आणि आमच्याकडे? आमच्याकडे मासळी नसेल त्या दिवशी मी जेवलो असं मला वाटतच नाही.

"बाबा, ते बोलणी करायला येतायत. श्रावणात येतायत तेवढं बरं," मेघना म्हणाली. "त्यांनी नाही म्हटलं तर अक्षय काही घर मोडून माझ्याशी लग्न करणार नाही. आणि मलाही तसं नको आहे."



आमची नलू लगेच कामाला लागली. सगळा ओटा घासला, तवे वेगळे काढले. मग माझ्याकडे वळली. "घरातल्या त्या दोऱ्या आधी काढा. व्याही काय तुमच्या लेंग्याखाली बसून बोलणी करणार?"

झालं. मी गॅरेज रिकामं केलं. प्लंबरकडून नळ घेतला, सांडपाणी माडाच्या बुडात सोडलं, मशीन नेऊन बसवलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या ताणल्या आणि कोपऱ्यात मोठा पंखा ठेवला. भर पावसात सकाळी घातलेला टॉवेल संध्याकाळी पापडासारखा! नलूने कौतुकाने तो गालाला लावून बघितला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण माझ्या कुठल्या कामाला इतका मान मिळाल्याचं मला आठवत नाही. तिथेच मी चढलो.

मला वाटलं, एवढी कोरडी जागा आणि ती नुसत्या कपड्यांना? मे महिन्यात हर्णैहून आणलेली आमची आगोट, पावसाळ्याची बेगमी हो, सुक्या कोळंबीचे सोडे आणि सुके बोंबील, आत डब्यात सर्द होत पडली होती. श्रावणात कोण हात लावतोय? गणपती झाल्यावर डबा उघडावा तर बुरशी. मी काय केलं, पत्र्याखाली फळ्या टाकून छोटा माळा केला, सुपांत सोडे पसरले, बोंबील टांगले आणि पंख्याचं तोंड जरा वर केलं. नलूला बोललो नाही. म्हटलं श्रावण संपला की कुरकुरीत बोंबील पुढ्यात ठेवू.

तुम्ही विचाराल, वास नाही का आला? अहो, आम्हा कोकणी माणसांना सुक्या मासळीचा वास येत नाही. ती आमची हवाच आहे. आठवडाभर घरातली प्रत्येक गोष्ट तिथे धुऊन तिथेच वाळली. पडदे, सोफ्याची कव्हरं, नलूची ठेवणीतली साडी, सगळं. रजा घेऊन आलेली मेघना धरून आम्हा तिघांपैकी एकाच्याही नाकाला काही कळलं नाही.

पाहुणे आले ते मुसळधार पावसात. फाटकापासून दारापर्यंत येताना दिनकररावांची, म्हणजे मुलाच्या वडिलांची, छत्री उलटी झाली. बिचारे निथळत उभे. मी तत्परतेने माझा धुतलेला, इस्त्रीचा झब्बा-लेंगा आणि टॉवेल दिला.

त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं आणि तसेच थोडा वेळ टॉवेलमध्ये थांबले.

"पाणी कुठलं हो तुमच्याकडे?" बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

"नळाचं. का?"

"नाही, सहज."

कपडे बदलून ते सोफ्यावर बसले. शेजारी त्यांच्या मंडळी बसल्या आणि त्यांनी हळूच पदर नाकाला लावला. मी चाणाक्ष माणूस, माझ्या लगेच लक्षात आलं. म्हटलं, यांना कसला तरी वास येतोय. आपल्याकडे तर सगळं कडक शाकाहारी, मग हा येणार कुठून?

"शेजारी शिजत असेल काहीतरी," मी म्हणालो. "त्यांच्याकडे श्रावण-बिवण काही नसतं."

तेवढ्यात मागच्या दाराने शेजारच्या गावडेवहिनी आल्या. हातात वाटी, कपाळाला अक्षता. "नाना, सत्यनारायण होता आमच्यात. प्रसाद आणलाय सगळ्यांना."

मेघना माझ्याकडे बघत होती. मी शिरा खाल्ला.

"समुद्राचा वारा असेल," मी पुन्हा म्हणालो. समुद्र आमच्यापासून चांगला दूर आहे आणि मध्ये टेकडी आहे, पण पुण्याच्या माणसाला काय कळणार?

वहिनींच्या मागोमाग त्यांचा बोकाही आत आला होता. श्रावण लागल्यापासून तो आमच्याकडे फिरकला नव्हता. त्या दिवशी सरळ दिनकररावांच्या मांडीवर चढला आणि झब्ब्याच्या बाहीवर डोकं घासायला लागला.

"जनावराला भला माणूस बरोबर ओळखता येतो," मी म्हणालो.

बोका बाही चाटायला लागला.

आता विषय बदलायला हवा होता. आणि मी कुठला विषय काढावा? "चला, तुम्हाला आमची लाँड्री दाखवतो," मी म्हणालो. "स्वतः केली आहे."

छत्र्या घेऊन वरात गॅरेजकडे निघाली. बोका सगळ्यांच्या पुढे. मी शटर वर केलं आणि ऐटीत पंखा पूर्ण वेगात लावला. दिनकरराव एक पाऊल मागे सरले. मी दोऱ्यांची रचना समजावून सांगतोय तोवर बोका मशीनवर, मशीनवरून माळ्यावर, आणि माळ्यावरून सूप खाली. सोड्यांचा सडा पडला. थोडे मशीनवर, थोडे नलूच्या साडीवर, आणि बाकीचे दिनकररावांच्या खांद्यावर.

पंखा तेवढा फिरत होता.

"अहो, हे काय?" नलूने विचारलं.

"आगोट," मी म्हणालो.

मेघनाचे डोळे भरले. ते बघून मला त्या मशीनमध्ये शिरून झाकण लावून घ्यावंसं वाटलं. पोरीचं लग्न मी सोड्यांपायी मोडलं, एवढंच डोक्यात.

दिनकररावांनी खांद्यावरचा एक सोडा चिमटीत धरून उचलला, नीट निरखला आणि मशीनवर ठेवला.

"म्हणजे पाणी चांगलं आहे तुमचं," ते म्हणाले.

आधी त्यांच्या मंडळी हसल्या. मग नलू, मग सगळेच. बिचाऱ्यांनी आंघोळ केली, स्वतःचे ओले कपडे घातले आणि तसेच बसून बोलणी पुरी केली. ना हुंडा, ना मानपान. मेघनाला त्या माउलीने जवळ घेतलं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

निघताना दिनकरराव म्हणाले, "आमची एकच अट आहे. लग्नात मुलीच्या वडिलांचा पोशाख आमच्याकडून. आम्ही हॉलवर घेऊन येऊ. तुम्ही घरून काही आणायचं नाही, रुमालसुद्धा नाही."

मला भरून आलं. मुलाकडची माणसं मुलीच्या बापाला पोशाख करतात, असं कुठे ऐकलंय तुम्ही? पुढचे दोन आठवडे मी सगळ्या आळीत सांगत सुटलो. एकदा गावडेवहिनींना पुन्हा सांगत होतो, सांगता सांगता डोळे पाणावले, म्हणून रुमाल काढला.

नलू कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मानही वर केली नाही.

"वहिनी, मान कसला?" ती म्हणाली. "हे घरचे कपडे घालून मांडवात येतील म्हणून घाबरलीत ती माणसं."

जरा वेळाने, दोघींचं लक्ष नाही असं बघून, तो रुमाल हळूच नाकाला लावला आणि चांगला दीर्घ श्वास घेतला.

खरं सांगतो, मला काही वास आला नाही.