सूट घालून या

राजस पाटणकरने वयाच्या दहाव्या वर्षापासून घरात उजव्या हाताने जड असं काही उचललं नव्हतं. दप्तर डाव्या खांद्यावर, छत्री डाव्या हातात, झोपायचं डाव्या कुशीवर. हे सगळं आईच्या धाकाने. सरिता, म्हणजे त्याची आई, आमच्या वरच्या मजल्यावर राहते. स्टेशनजवळच्या सुपरमार्केटमधून पाच किलो तांदळाची पिशवी ती स्वतः ओढत आणायची आणि शेजारून हा तिच्यापेक्षा हातभर उंच मुलगा मोकळ्या हातांनी चालायचा. त्याने हात पुढे केला की ती पिशवी दुसऱ्या बाजूला घ्यायची.

"अगं, डाव्या हातात तरी दे त्याच्या," मी एकदा न राहवून म्हटलं.

"डावीकडे वजन घेतलं की उजवा खांदा वर चढतो. कोचनी सांगितलंय."

कोचने सांगितलं म्हटल्यावर संपलंच. देवाने सांगितलं असतं तर तिने एकदा तरी उलटून विचारलं असतं.

मी यामिनी. नवऱ्याच्या आयटी कंपनीने आम्हाला दोन वर्षांसाठी म्हणून टोकियोला पाठवलं आणि कोतो भागातल्या या बिल्डिंगमध्ये आता सोळा वर्षं होतील. पाटणकर आमच्या मागून आले. चारुदत्त बँकेत, मूळचे दादरचे, क्रिकेटवेडे. पोराला घेऊन ते खालच्या बागेत बॅट-बॉल खेळायला गेले आणि पहिल्याच रविवारी एका आजोबांनी वाकून वाकून त्यांना पाटी दाखवली, इथे चेंडू खेळायला मनाई आहे. मग दोघे सायकलवरून आराकावा नदीच्या काठावरच्या मैदानावर जायला लागले. तिथे मुलांची बेसबॉलची टीम सराव करायची. एकदा त्यांचा चेंडू राजसच्या पायाशी आला, त्याने तो परत फेकला, आणि त्यांचा कोच जागच्या जागी उभा राहिला. ही गोष्ट चारुदत्तांनी मला इतक्यांदा सांगितली आहे, की मीच तिथे हजर होते असं मला कधीकधी वाटतं.

जपानात मुलाचा बेसबॉल म्हणजे आईची नोकरी. दर रविवारी आयांची चहाची पाळी असते. बार्लीच्या थंडगार चहाच्या भल्यामोठ्या बाटल्या भरायच्या, उन्हात उभं राहायचं, कोचसमोर वाकायचं, समोरच्या टीमच्या कोचसमोरही वाकायचं. सरिताला तेव्हा जपानी येत नव्हतं, पण वाकणं तिला इतर आयांपेक्षा चांगलं जमायचं. सरावावरून राजस आला की ती विचारायची, "दुखतोय का रे हात?" आणि तो बूट काढता काढता म्हणायचा, "दायजोबू." ठीक आहे, काही नाही. इथे वाढलेली मुलं आईच्या मराठी प्रश्नाला अशीच जपानीत उत्तरं देतात आणि पुढचं काही विचारायला जागा ठेवत नाहीत.

हायस्कूलला तो होस्टेलवर गेला. डोकं भादरलेलं, आणि प्रत्येक जेवणाला तीन वाट्या भात संपवायची सक्ती. शेवटच्या वर्षी उन्हाळ्यातल्या स्पर्धेत त्याची टीम टोकियोच्या उपांत्य फेरीपर्यंत गेली, आणि सगळ्या सामन्यांत चेंडू यानेच फेकला. टीमचा पहिल्या क्रमांकाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, सामना अर्धवट सोडत नाही, हा तिथला मान. माझ्या मते हा शुद्ध मूर्खपणा आहे, पण मला कोण विचारतंय? आठवडाभर तो रोज फेकत होता आणि रोज संध्याकाळी फोनवर दायजोबू म्हणत होता.

शरद ऋतूत व्यावसायिक क्लब मुलं निवडतात. राजसचं नाव आलं, पण अगदी शेवटी, शिकाऊ खेळाडूंमध्ये. शिकाऊ खेळाडूच्या पाठीवर तीन आकडी नंबर असतो. तो दुसऱ्या फळीच्या टीममधून खेळतो. खऱ्या, टीव्हीवर दिसणाऱ्या सामन्यात उतरायचं, तर आधी क्लबने दोन आकडी नंबर द्यावा लागतो. राजसला एकशे सत्तावीस मिळाला. क्लबच्या समारंभासाठी चारुदत्तांनी त्याला निळा सूट शिवून घेतला आणि सरिताने बिल्डिंगभर पेढे वाटले. शेजारच्या जपानी बायकांनी ते चाकूने चार तुकडे करून खाल्ले.

तेव्हापासून त्या घरात एकच विषय होता, दोन आकडी नंबर. पहिल्या वर्षी तो मिळणारच होता. पोराचा चेंडू सुसाट येत होता, एका क्रीडापत्रात कोपऱ्यात फोटो छापून आला, जुलैत त्याला वर घेणार असं क्लबमधले लोक बोलत होते. ज्यांना इतक्या वर्षांत कचऱ्यातलं प्लास्टिक धड वेगळं करता आलं नाही, ते चारुदत्त मला लिफ्टमध्ये चेंडू कसा वळतो ते समजावून सांगत. जूनमध्ये राजसचं कोपर गेलं. ऑपरेशन करून डाव्या मनगटातला स्नायुबंध काढून उजव्या कोपरात बसवला. दुसरं वर्ष सबंध त्यातच गेलं. आधी टॉवेल झटकायचा, मग भिंतीवर रबरी चेंडू मारायचा, मग पंधरा पावलांवरून. तिसऱ्या वर्षी तो मैदानावर परतला, पण हात पूर्ण सरळ होत नव्हता आणि चेंडू मन मानेल तिथे जात होता. सप्टेंबरमध्ये एका सामन्यात त्याने छान फेकलं. त्या एका सामन्यावर सरिता महिनाभर जगली.

ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळी तिचा मला फोन आला. आवाज नुसता फुलला होता. "यामिनी, क्लबचा फोन आला त्याला! उद्या सकाळी ऑफिसात बोलावलंय. सूट घालून या म्हणाले. सूट! सूट न्यायला राजस घरी आलाय. अगं, मिळाला त्याला नंबर!"

मी गॅस बंद केला आणि खुर्चीत बसले.

मी दुपारी एका जेवणाच्या डब्यांच्या दुकानात बाइतो करते, म्हणजे तासांवर काम. तिथल्या बायका बेसबॉलच्या भक्त आहेत. दरवर्षी टीव्हीवर काढून टाकलेल्या खेळाडूंवर एक कार्यक्रम लागतो, तो बघून त्या दुसऱ्या दिवशी भात भरता भरता डोळे पुसतात. त्यातल्या प्रत्येक खेळाडूची कहाणी या एकाच फोनने सुरू होते. उद्या सूट घालून ऑफिसात या. शरद ऋतूत आलेल्या त्या फोनचा अर्थ इथल्या शाळकरी मुलांनाही कळतो. आपल्याकडे सूट म्हणजे लग्न, मुलाखत, नाहीतर बढती. सरिताला कुठून कळणार? चारुदत्तांनी तर ऑफिसातल्या तानाबे-सानना लगेच मेसेज केला होता. तानाबे-सान बिचारे काय लिहिणार? त्यांनी वाकून नमस्कार करणाऱ्या माणसाचं चित्र पाठवलं, आणि चारुदत्त ते अभिनंदन समजले.

मी फोनवर नुसतं "हो का" म्हटलं.

सकाळी कचरा घेऊन मी लिफ्टमध्ये शिरले तर आत राजस. निळा सूट, कडक इस्त्री. त्याच्या उजव्या तळहाताला दही लागलं होतं. चांगल्या कामाला निघालेल्याच्या हातावर देतात तसं आईने दिलेलं दही-साखर. ते त्याने चाटलं होतं, पण हात पुसला नव्हता.

"काकू, तुम्हाला माहीत आहे ना?" त्याने विचारलं.

"हो रे."

"आईला सांगू नका. मी संध्याकाळी सांगतो."

"काल का नाही सांगितलंस?"

"ती इस्त्री करत होती." तो लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिला. "खरं सांगू काकू? फोन आल्यावर काल रात्री मला गाढ झोप लागली. कितीतरी दिवसांनी."

एकवीस वर्षांचा मुलगा. निवृत्तीला आलेल्या माणसाच्या तोंडी शोभावं असं वाक्य. मला त्या क्लबचा, त्या कोचचा, त्या तीन वाट्या भाताचा, सगळ्यांचा संताप आला आणि मी हातातली कचऱ्याची पिशवी घेऊन तशीच उभी राहिले.

संध्याकाळी सरिता मला ओढूनच खरेदीला घेऊन गेली. रविवारी सगळ्यांना जेवायला बोलवायचं होतं, मसालेभात करायचा होता. तिने तांदूळ घेतले, काजू घेतले. मी मागून ढकलगाडी ढकलत होते आणि सांगावं की नाही याचा विचार करत होते. आम्ही बाहेर आलो आणि समोर स्टेशनच्या दारातून राजस येत होता. टाय काढून खिशात कोंबलेला.

"आलास? काय झालं रे? कितवा नंबर दिला?"

तो जवळ आला, वाकला, आणि तिच्या हातातली तांदळाची पिशवी घेतली. उजव्या हाताने.

"अरे, उजव्या हातात नको!" ती सवयीने ओरडली आणि पिशवी मागे ओढायला लागली.

"चालेल आता, आई," तो मराठीत म्हणाला, आणि पिशवी घेऊन चालू लागला.

सरिता तिथेच थांबली. ऑफिसातून सुटलेली माणसं तिला वळसा घालून जात होती. काय झालं ते तिला कळलं होतं, मी काही सांगायची गरजच उरली नव्हती. मला वाटलं आता रडेल. पण ती माझ्याकडे वळून रागाने म्हणाली, "मग सूट घालून कशाला बोलवायचं गं? मी त्याच्या हातावर दही घातलं."

ती झपाझप चालत त्याला गाठायला गेली, मी मागून. दिव्याखाली त्याचा तो हात दिसत होता, वजन घेऊनही पुरता सरळ न होणारा.

"दुखतोय का रे?" तिने विचारलं.

मी दायजोबू ऐकायच्या तयारीत होते.

"हो, दुखतोय," राजस म्हणाला. "हायस्कूलपासून दुखतोय, आई."

तिने पिशवीला हात घातला. त्याने ती सोडली नाही.