अर्ध्यात वाळलेलं आकाश

"आलीच," असं म्हणून बाई हातातला ब्रश अंबाड्यात खोचायच्या आणि आत जायच्या. कागदावर आकाशाचा रंग ओलाच असायचा. जलरंगातलं आकाश ओलं असतानाच पुरं करावं लागतं. बाई परत येईपर्यंत ते वाळायचं आणि मधोमध एक रेघ उमटायची. त्यांच्या घरातल्या कितीतरी चित्रांत ती रेघ होती.

शंकर नगरमधल्या आमच्या इमारतीत त्या समोरच्या दारी राहत. शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या. संध्याकाळी पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, मुलांची गणितं घेत, रविवारी चित्रकला. इकडची हिंदी बोलणारी मुलं त्यांना दीदी म्हणत, आम्ही मोजकी मराठी घरं बाई म्हणायचो.

आतून हाक मारणारे त्यांचे यजमान. रेल्वेत होते. निवृत्त झाल्यावर दोघं स्कूटरवरून खारून नदीवर जात. बाई चित्र काढायच्या, ते झाडाखाली पेपर वाचत बसायचे. मग त्यांना अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली, आवाज तेवढा शाबूत राहिला. देखरेखीला ठेवलेला कोणीच टिकला नाही. "तूच दे," "तूच उठव," असं त्यांचं चालायचं. बाईंचं बाहेर जाणं भाजीपुरतं उरलं.

त्यामुळे बाई गॅलरीतून दिसेल ते काढू लागल्या. पाण्याच्या टाक्या, तारा, लांबवर सिलतऱ्याकडच्या कारखान्यांचा धूर. माझ्या मुलीनं एकदा तिथं बसून निळंशार आकाश रंगवलं.

"निळं कुठं दिसून राहिलं तुले?" बाईंनी विचारलं.

"स्कूल में तो ब्लू ही कराते हैं, दीदी."

"शाळेतलं राहू दे. वर पाह्य."

पोरीनं शाळेच्या चित्रकला स्पर्धेतही मातकट आकाश काढलं आणि हात हलवत परत आली. बाईंना ते कळल्यावर त्यांनी तिला चिवडा खाऊ घातला. "खरं काढलं ना? मग झालं," म्हणाल्या.

एका हिवाळ्यात मी हट्टच धरला. माझे मिस्टर त्यांच्या यजमानांजवळ बसले आणि मी बाईंना खारूनवर नेलं. सुरुवातीला त्या सारख्या फोनकडे पाहत होत्या. मग रमल्या. त्या दिवशी त्यांचं आकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध उतरलं.

घरी आलो तर यजमान न जेवता पडून होते. बाईंनी चित्र त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. "चांगलं झालं," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरून एकही हाक ऐकू आली नाही. दुपारी बाई माझ्या दाराशी आल्या. डोळे सुजलेले.

"मी बसली होती गॅलरीत रंगवत. आत जाऊन पाहते, तर सारी चादर ओली. थंडीत तसेच पडून होते. हाक काहून नाही मारली म्हटलं, तर म्हणे, तुझं आकाश चालू होतं."

मी त्यांना खुर्ची पुढे केली.

"एवढी वर्षं चिडत होती त्या हाकेवर," त्या म्हणाल्या. "आता तर चिडताही नाही येत."

त्याच दिवशी त्यांनी रंगांचं टेबल यजमानांच्या खोलीत नेलं. तिथल्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत आणि सांडपाण्याचे पाइप दिसायचे, दुसरं काही नाही. बाई तेच काढत राहिल्या. शेवाळं, ओल, पाइपावर बसलेलं कबूतर. मी एकदा म्हटलं, "कंटाळा नाही येत का हो?" तर हसल्या. "येतो ना. त्यांनाही येतो. दोघांले मिळून येतो."

पुढच्या उन्हाळ्यात यजमान गेले. भेटायला येणारा प्रत्येक जण जाताना हळूच म्हणायचा, "सुटले बिचारे. तुम्हीही मोकळ्या झालात." बाई मान हलवायच्या. महिन्याभरानं त्यांचा मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. आता समोरच्या दाराला कुलूप असतं आणि रविवारी जिन्यात मुलांच्या चपलांचा ढीग नसतो.

जाण्याआधी बाई आपण होऊन म्हणाल्या, "एकदा खारूनवर जाऊ." आम्ही गेलो. त्यांनी कागद काढलाच नाही. पलीकडच्या काठावर बायका कपडे धूत होत्या, तिकडे पाहत बसल्या. ऊन कललं तशा त्या एकदम उठल्या, पिशवी खांद्याला लावली, चपला सरकवल्या.

"चला लवकर. वाट पाहून राहिले असतील."

मी जागेवरून हलले नाही. चार पावलं गेल्यावर त्या आपोआप थांबल्या. मग परत येऊन माझ्या शेजारी बसल्या. पिशवी मात्र त्यांनी खांद्यावरून काढली नाही.