दादाचं जॅकेट घालून पडले तेव्हा

हेल्मेट मी डोकं वाचावं म्हणून घालत नव्हते. हे आता सांगायला हरकत नाही. त्याची काच खाली ओढली की मला कुणी ओळखत नसे, म्हणून घालायचे.

घाटनांदूरहून अंबाजोगाईला मी रोज मोटरसायकलनं जाते. तिथं रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये मी काम करते. काम मला आवडतं, रक्ताच्या नळ्या काही विचारत नाहीत. रस्त्यातली माणसं मात्र विचारतात. फाट्यावरच्या हॉटेलात चहा पीत बसलेल्यांना येणारी-जाणारी प्रत्येक पोरगी कुणाची, कुठं चालली आणि तिचं लग्न अजून कावून झालं न्हाई, हे ठाऊक असावंच लागतं. बाकीच्या मुली तोंडाला स्कार्फ बांधतात. पण स्कार्फमधून डोळे दिसतात, आणि आमच्याकडे डोळ्यांवरूनही घराणं सांगणारे लोक आहेत.

मोटरसायकल दादाची. तो पुण्यात कंपनीत लागला तेव्हा गाडी आमच्या पत्र्याखाली राहिली. तिच्यासोबत त्याचं काळं हेल्मेट, काळं जॅकेट, हातमोजे आणि गुडघ्यांना बांधायचे पॅडही राहिले. जॅकेटला कोपरात, खांद्यात आणि पाठीत टणक पॅड बसवलेले होते. दादाला असल्या वस्तूंचा भारी नाद. मला ते सगळं मोठं व्हायचं. त्यानं फोनवर बजावलं होतं, "बाहीचा पट्टा कचकचून ओढत जा. कोपरावरून पॅड सरकलं तर घालून न घातल्यासारखं." मी पट्टा ओढायचे, पण वेगळ्या कारणानं. सैल जॅकेट वाऱ्यानं फुगलं की मी मुलगा न दिसता फुगा दिसायचे.

पप्पांचं गावात खत-बियाण्यांचं दुकान आहे. त्यांनी गाडीची परवानगी एका अटीवर दिली होती. "एक डाव पडलीस की गाडी बंद. परत इचारायचं न्हाई."

त्यांचा स्वतःचा डावा हात कोपरात सरळ होत नाही. लग्नाच्या आधी सिरसाळ्याच्या रस्त्यावर खडीवरून गाडी घसरली, तेव्हापासून. सदरा घालताना ते आधी तो हात बाहीत घालतात आणि उजव्या हातानं बाही ओढून घेतात. लहानपणी मला वाटायचं, सगळे पुरुष सदरा असाच घालतात. त्यामुळं अटीवर वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. वाद घालणं मला तसंही जमत नाही. इंग्लिश मीडियमला घालून पोरगी मुकी झाली, असं मम्मी म्हणते. पप्पा म्हणतात, "मुकी न्हाई. शेजारच्या खोलीतून व्हॉट्सॲप करती."

गाडी बंद म्हणजे काय, हे मला पक्कं ठाऊक होतं. पहिली बस पोचेपर्यंत लॅबमधली उपाशीपोटी तपासणीची रांग संपलेली असते. गाडी गेली की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की दर रविवारी पोहे आणि बघायला येणारे पाहुणे.

जानेवारीतली सकाळ होती. नुकतं उजाडलं होतं. ऊसतोडीचा हंगाम जोरात होता आणि रात्रभर ट्रॅक्टर चाललेले होते. एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेल्या, त्यातून सांडलेला ऊस रस्त्यावर पडतो, मागच्या गाड्या तो चिरडतात, आणि दवात भिजलेलं पाचट, चोथा नि रस असा एक चिकट थर डांबरावर बसतो. मी तो रोज बघून चुकवायचे. त्या दिवशी वळणावर समोरून ट्रॅक्टर आला म्हणून मी कडेला घेतलं आणि पुढचा ब्रेक दाबला.

पुढचं चाक पायाखालची सतरंजी ओढावी तसं गेलं.

पडणं लगेच संपलं, घसरणं संपेना. कुणीतरी शेजारी बसून जाड कापड टराटरा फाडतंय असा आवाज मी ऐकत होते आणि ते कापड माझ्याच अंगावर होतं. मग डोकं कशावर तरी आदळलं. दुखलं नाही. बाहेरून कुणी दारावर एकदाच थाप मारावी, तेवढंच. मी थांबले तेव्हा काचेतून आभाळ दिसत होतं. मी आधी पायाची बोटं हलवली, मग हातांची. सगळी हलली. आणि त्यानंतर डोक्यात जो पहिला विचार आला, तो देवाचा नव्हता. गाडी बंद, हा होता.

शेजारच्या फडात टोळी ऊस भरत होती. माणसं धावत आली.

"ए बे, उठ की! जित्ता हाईस का?"

"मेला न्हाई बे, हात हलतोय त्याचा."

"पेलाय काय सक्काळी सक्काळी?"

आयुष्यात मला पहिल्यांदाच कुणी 'बे' म्हणत होतं. खरं सांगायचं तर मला ते वाईट वाटलं नाही. तेवढ्यात एकानं हेल्मेट दोन्ही हातांनी धरलं आणि घागर उचलावी तसं वर ओढायला सुरुवात केली. मानेला मार असेल तर हेल्मेट असं ओढायचं नसतं, हे मी कधीतरी वाचलेलं होतं. गप्प राहून भागणार नव्हतं.

"थांबा," मी म्हणाले. "ओढू नका. माझं मी काढते."

सगळे थांबले. माझा आवाज बारीक आहे.

"आगं बया," मागून एक बाई म्हणाली, "पोरगी हाय!"

हेल्मेट धरणारा चार पावलं मागं सरला. "माफ करा ताई," तो म्हणाला आणि काय करावं ते न सुचून माझी पडलेली गाडी पुसायला लागला.

त्या बाईनं मग सगळा कारभार हातात घेतला. पुरुषांना तिनं हाकलून गाडीकडं पाठवलं, माझी मान सावकाश हलवून बघितली, आणि मला उठवून रस्त्यापलीकडच्या बाभळीखाली बसवलं. जॅकेट काढलं. हातमोजे काढले. कोपर, खांदा, गुडघा चाचपून बघितला. मनगटावर एक ओरखडा होता, हातमोजा आणि बाही यांच्यामधल्या बोटभर जागेत. बाकी काही नाही. तिनं जॅकेट उचलून बघितलं तर कोपरावरचं कापड पार गेलं होतं. "हे तुजं कातडं व्हतं बघ," ती म्हणाली आणि जॅकेट, हेल्मेट दोन्ही एकाला गाडीजवळ नेऊन ठेवायला लावलं. मग मला गुळाचा चहा दिला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "कुणाची गं तू?"

जो प्रश्न मी वर्षभर काचेमागं लपून चुकवत होते, तो शेवटी आला. मी पप्पांचं नाव सांगितलं. गावही सांगितलं. काहीच झालं नाही. "बरं, चहा पी," ती म्हणाली.

मी फोन काढला. पप्पांना लिहिलं, 'गाडी थोडी घसरली.' खोडलं. 'मला उशीर होईल.' तेही खोडलं. लॅबला कळवलं, मग पुन्हा पप्पांचं नाव काढून बसले. गाडी चालतेय का बघू, ओरखडा बाहीखाली झाकू, जॅकेट बॅगेत घालू, असं माझं चाललं होतं. कुणाला कळायचं काय कारण?

कळलेलं होतं. दुकानाचं एक गिऱ्हाईक मी आडवी असतानाच त्या वळणावरून गेलं होतं. त्यानं गाडीचा नंबर बघितला, काळं जॅकेट बघितलं, आणि आमच्याकडची रीत म्हणून जवळ येण्याआधी फोन लावला. "तुमचा पोरगा पडलाय. हालत न्हाई." मग त्याची कोर्टाची तारीख होती म्हणून तो पुढं निघून गेला.

पप्पांनी दादाला फोन लावला. दादा रात्रपाळी करून नुकताच झोपलेला, फोनचा आवाज बंद. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा पुन्हा लावला. पोरगा न सांगता रात्री पुण्याहून आला आणि घरी पोचायच्या आत पडला, अशी सगळी गोष्ट त्यांनी दुकानाच्या पायरीवर उभ्या-उभ्या मनात जुळवली. 'पोरगा' हे ऐकल्यावर गाडी रोज कोण नेतं हेही त्यांना आठवलं नाही; मी त्यांच्या मनात कुठंच नव्हते. त्यांच्या लेखी मी तर केव्हाच लॅबला पोचलेली.

हे सगळं मला नंतर कळलं. मला दिसलं ते एवढंच की दुकानाचा पिकअप आला आणि रस्त्याच्या मधोमध थांबला. पप्पा उतरले, पायात चप्पल नव्हती. ते सरळ गाडीकडं गेले. गाडीपाशी मातीत जॅकेट पडलं होतं, दोन्ही बाह्या पसरून, पालथं. आत कुणीच नाही. शेजारी हेल्मेट. पप्पांनी ते जॅकेट बघितलं आणि रस्त्यावर खाली बसले.

गाडी पुसणारा काहीतरी सांगत होता, पण ते त्यांच्या कानात शिरत नव्हतं.

मी शाळेत स्नेहसंमेलनातसुद्धा कधी मोठ्यानं बोललेली नाही. त्या दिवशी रस्ता ओलांडून जाईल एवढ्या आवाजात ओरडले, "पप्पा! पप्पा, मी इकडं!"

त्यांनी वर बघितलं. ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला.

"तू? मग दादा कुठंय?"

"दादा पुण्यातच आहे. मीच पडले. मला काही झालं नाही."

ते उठून आले. त्यांनी माझा डावा हात धरला, कोपरात वाकवला, सरळ केला. पुन्हा वाकवला, पुन्हा सरळ केला. मग उजवा. त्यांचा स्वतःचा वाकडा हात माझ्या कोपराखाली होता. त्या बाईनं त्यांच्याही हातात चहा दिला.

"फोन कावून न्हाई केलास, माय?" शेवटी ते म्हणाले.

फोन हातातच होता आणि त्यावर अर्धवट लिहिलेलं 'पप्पा' एवढंच होतं. त्यांनी ते वाचलं.

मग दादाचा फोन आला. आवाज झोपेतला. "पप्पा, एवढे कॉल? काय झालं?"

"काय न्हाई," पप्पा म्हणाले. "झोप तू. झोप बाबा." आणि फोन ठेवून ते एकटेच हसायला लागले. मलाही हसू आलं. ती बाई म्हणाली, "बापलेक येडे झाले," आणि ऊस भरायला निघून गेली.

आम्ही पिकअपनं घरी निघालो. मागं गाडी खताच्या रिकाम्या पोत्यांवर आडवी होती. घरी मम्मी रडली, ओरडली, आणि मीठ-मिरच्या घेऊन माझी दृष्ट काढली. मग थोडा विचार करून तिनं मिरच्यांची दुसरी मूठ घेतली आणि खुंटीवरच्या फाटक्या जॅकेटाचीही काढली. "त्यानंच राखली," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं शिलाई मशीनवर कोपराला माझ्या जुन्या जीन्सचा तुकडा लावला. आतलं पॅड बघितलं तर त्यावर एक चरासुद्धा नव्हता.

गाडीबद्दल कुणी अवाक्षर काढेना. मी आठवड्याची सुट्टी टाकली होती. पप्पांनी गाडी दुरुस्तीला दिली, हँडल सरळ करून आणली, पत्र्याखाली लावली आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. मी विचारलं नाही. परत विचारायचं नाही, हीसुद्धा अटच होती.

सुट्टी संपायच्या आदल्या सकाळी पप्पा त्यांच्या जुन्या स्कूटरवरून दुकानाला निघाले आणि त्यांच्या डोक्यावर दादाचं हेल्मेट होतं. तेच, आपटलेलं. मागच्या बाजूला तळहाताएवढी जागा घासून पांढरी झालेली.

"ते घालू नका," मी म्हणाले.

"कावून? एवढंसं तर खरचटलंय. मला दुकानापुरतं लई झालं."

"नाही चालत पप्पा. आतला थर्माकोल एकदा दबला की दबला. ते एकदाच वाचवतं. माझ्यासाठी वापरून झालं ते."

त्यांनी हेल्मेट काढून उलटं धरलं. "नवंच दिसतंय की आतून."

"दिसतं."

ते ऐकणार नव्हते, हे मला दिसत होतं. चांगली वस्तू टाकून देणं त्यांच्या रक्तात नाही. मी आत गेले, मम्मीची कात्री आणली, त्यांच्या हातातून हेल्मेट घेतलं आणि त्याचा पट्टा कापून टाकला. मग दुसऱ्या बाजूचाही. मम्मी दारात पिठाचे हात घेऊन बघत राहिली.

पप्पांनी कापलेले पट्टे बघितले. मग माझ्याकडं बघितलं.

"मग आता घालू काय? पातेलं?"

मी कात्री शिलाई मशीनवर ठेवली.

"दोन मागव," ते म्हणाले. "एक माझ्या मापाचं. तुझं तुला बरोबर बसंल असं बघ, दादाचं नको. आन् जॅकेटपण नीट मापाचं घे." खिशातून किल्ली काढून त्यांनी मशीनवर ठेवली. "पडलीस तर आधी फोन करायचा. लिहायचं न्हाई. बोलायचं."

"हो."

"बोल मोठ्यानं."

"हो!"

मी मशीनच्या खणातली टेप घेतली. पप्पा खुर्चीवर बसले आणि त्यांनी डोकं पुढं केलं. भुवयांच्या वरून, कानांच्या वरून, मागच्या फुगीर भागावरून मी टेप फिरवली. त्यांच्या डोक्याला मी याआधी कधी हात लावल्याचं मला आठवत नाही. मधले केस विरळ झालेत, तेलकट आहेत, आणि मागं एक जुना व्रण आहे. तो मी पहिल्यांदाच बघितला. सिरसाळ्याच्या रस्त्यावर फक्त हातच मोडला नव्हता तर.

"किती आलं?"

"फिफ्टी एट."

"मराठीत सांग, माय."

मी मनातल्या मनात पन्नासपासून मोजत गेले. ते वाट बघत, टेप डोक्याभोवती तशीच ठेवून, मान न हलवता बसून राहिले.

"अठ्ठावन्न," मी म्हणाले.